स्टॅटिक साइटची घडण – भाग ६ : जि. ठाणे ते जि. पालघर

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण कागदपत्रांतले पत्ते ठाण्यातच राहिले. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेची साइट नव्याने बांधायला घ्या, 'ता. पालघर, जि. ठाणे' पानोपानी भेटेल. शेकडो फाइली उघडून हाताने दुरुस्त्या करत बसायचं नसेल, तर साइट बिल्ड होतानाच मजकूर बदलणारा प्लगइन लावावा.

मेटलस्मिथ या साइट बांधणाऱ्या जावास्क्रिप्ट साधनात हे काम अगदी उघडंवाघडं दिसतं. स्रोत फोल्डरमधल्या सगळ्या फाइली तो मेमरीत घेतो आणि एकेका प्लगइनच्या हाती देत जातो. फाइलचा मजकूर 'कंटेन्ट्स' या नावाखाली असतो, तोही बफर म्हणून, म्हणजे कच्च्या बाइट्सच्या रूपात. प्लगइन त्याची अक्षरं करतो, हवं ते बदलतो आणि पुन्हा बफर करून ठेवतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही. बदल फक्त तयार साइटमध्ये उतरतो. मात्र कोणत्या फाइलींना हात लावायचा, हे आधी सांगावं लागतं. ते विसरलात तर घोलवडच्या चिकूच्या बागेचा फोटोसुद्धा मजकूर समजून वाचला जातो आणि साइटवर उघडतच नाही.

आता बदल काय करायचा? 'ठाणे' दिसलं की 'पालघर' लिही, असं सांगून मोकळं झालात, तर बोईसर पोलीस ठाण्याची पाटी 'बोईसर पोलीस पालघर' होईल. 'ठाण्याला', 'ठाण्यातून' मात्र तसेच राहतील, कारण तिथे 'ठाणे' ही अक्षरं नाहीतच. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्सप्रेशनमधली शब्दसीमेची नेहमीची खूण इंग्रजी अक्षरांपुरतीच आहे, त्यामुळे 'ठाणेकर' वेगळा काढायला तिचा उपयोग नाही. शिवाय मुरबाड आणि शहापूर अजून ठाण्यातच आहेत. म्हणून शोधायचं ते पूर्ण जोडीने: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड यांपैकी एक नाव आणि त्याला लागून 'जि. ठाणे'. फाइलच्या माथ्यावर तारीख असेल तर तीही तपासावी. २०१२च्या सभेच्या इतिवृत्तात ठाणेच बरोबर आहे. तिथे पालघर घालणं म्हणजे दप्तरात खाडाखोड.

खरी गंमत आकड्यांची. साइटवरचे सगळे इंग्रजी आकडे देवनागरी करायचे आहेत, असं धरू. हे करणारा प्लगइन मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या मजकुराचं एचटीएमएल करणाऱ्या प्लगइनच्या, आधी लावला, तर 'एक, टिंब' असा इंग्रजी आकडा पाहून यादी ओळखणाऱ्या मार्कडाउनला यादी ओळखूच येत नाही. सगळे मुद्दे एका परिच्छेदात कोंबले जातात. बरं, नंतर लावला, तर एचटीएमएलच्या 'एच-टू' टॅगमधला आकडाही देवनागरी होतो आणि शीर्षकाचं शीर्षकपण जातं. फोनच्या लिंकमधला नंबर बदलला की ती लिंक मेली. मेटलस्मिथ कुठल्याच बाबतीत कुरकुरत नाही, बिल्ड बिनबोभाट पुरा होतो. हे मला त्याचं सगळ्यात धोक्याचं लक्षण वाटतं.

तेव्हा जागा मार्कडाउननंतरची, पण साध्या शोध-बदलाने नव्हे. आधी एचटीएमएलची फोड करून टॅग एकीकडे, वाचकाला दिसणारा मजकूर एकीकडे करायचा आणि आकडे फक्त मजकुरातले फिरवायचे. प्लगइन ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने चालतात, त्यामुळे हा प्लगइन लेआउटच्या, म्हणजे मजकुराभोवती पानाचा साचा घालणाऱ्या प्लगइनच्या, आधी उभा केलात तर पानाच्या तळातल्या '२०१४ पासून'मधला आकडा इंग्रजीतच राहील, आणि नंतर उभा केलात तर तोही बदलेल. तळातला हा मजकूर प्रत्येक पानावर असतो, म्हणून मी तो लेआउटनंतरच ठेवतो.

बिल्ड झाल्यावर हे दोन्ही प्लगइन काढून वेगळ्या फोल्डरमध्ये पुन्हा बिल्ड करा आणि दोन्ही फोल्डरमधला फरक ओळीओळीने पाहा. पत्त्यांच्या ओळींशिवाय आणि आकड्यांशिवाय दुसरं काही बदललेलं दिसलं, तर साइट चढवू नका. पुढच्या आठवड्यात लेआउटकडे वळू.