मोटारीची हिवाळी धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला मराठीत धाव म्हणतात. ही धाव तापवून लाल करावयाची, ती प्रसरण पावलेली असतानाच चाकावर बसवावयाची आणि पाणी ओतून आवळावयाची, ही कृती खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लोखंडी धावेच्या बाबतीत तापमानाचा प्रश्न एकदाच, म्हणजे ती चढविताना, उद्भवतो. मोटारीची धाव रबराची असते, आणि तिच्या बाबतीत तो प्रश्न प्रत्येक प्रवासात नव्याने उभा राहतो. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगडसारख्या शहरात तर तो विशेषच अवघड होऊन बसतो.

चंदीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तेथील पहाटेचे तापमान साधारणतः ६ ते ७ अंश सेल्सिअस असते आणि उन्हाच्या दिवशी दुपारी ते २० अंशांच्या आसपास जाते. शहरात हिम पडत नाही. त्रास होतो तो दाट धुक्याचा. परंतु तेथून अवघ्या ११५ किलोमीटरांवर सुमारे २,२०० मीटर उंचीचे सिमला आहे आणि त्याच्या पलीकडे कुफरी त्याहूनही उंच आहे. दुसऱ्या दिशेने मनालीवरून अटल बोगद्याकडे जाता येते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेल्या सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचे उत्तरेकडील तोंड ३,०७१ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरांच्या चढाला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, असे सर्वसाधारण प्रमाण धरले, तर सकाळी चंदीगडच्या रुंद, सरळ रस्त्यावरून निघालेली मोटार दुपारपर्यंत एका निराळ्या ऋतूत जाऊन पोहोचते. चाके मात्र तीच असतात.

वेगासाठी बांधलेल्या, बसक्या आणि बळकट यंत्राच्या मोटारीला हा बदल सर्वांत अधिक जाणवतो. अशा मोटारीचे टायर रुंद असतात, त्यांची बाजूची भिंत ठेंगणी असते, आणि त्यांचे रबर उष्ण व कोरड्या रस्त्याला घट्ट धरून राहावे अशा रीतीने बनविलेले असते. मैदानात जे गुण ठरतात, तेच हिमाच्छादित वळणावर दोष ठरतात.

येथे रबराचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. चाक आणि रस्ता यांचा संबंध सुमारे एका तळहाताएवढ्या पृष्ठभागापुरता येतो. मोटारीचा सारा भार, तिचे वळणे आणि तिचे थांबणे हे अशा चार तळहातांवर अवलंबून असते. डांबरी रस्ता दिसावयास सपाट असला, तरी त्याचा पृष्ठभाग बारीक खडीने खडबडीत झालेला असतो. रबर त्या खडीवर दबते, तिच्या फटींत शिरते आणि पुढे सरकताना पुन्हा मूळ आकार घेते. या दबण्या-उमलण्यात जी ऊर्जा खर्ची पडते, तिच्यामुळे पकड निर्माण होते. ही क्रिया एका सेकंदात हजारो वेळा घडते, आणि इतक्या त्वरेने आकार बदलणे रबराला केव्हाही शक्य असते असे नाही.

डांबराचे उदाहरण घेतल्यास हे लवकर उमगेल. डांबराचा गोळा फळीवर ठेवून दिला, तर तो कित्येक तासांत हळूहळू पसरतो. त्याच गोळ्यावर हातोडा मारला, तर तो काचेसारखा फुटतो. म्हणजे पदार्थ मऊ की कठीण, हे जसे त्याच्या तापमानावर तसेच त्याला किती त्वरेने दाबले जाते यावरही ठरते. रबराचेही असेच आहे. निव्वळ नैसर्गिक रबर अतिशय शीत झाल्यावर, शून्याखाली सुमारे ७० अंशांच्या सुमारास, काचेसारखे कडक होते. टायरांत वापरल्या जाणाऱ्या काही कृत्रिम रबरांची ही मर्यादा पुष्कळ वर असते. उन्हाळी टायरात ती मुद्दामच वर ठेवलेली असते, कारण तिच्यामुळेच उष्ण रस्त्यावर पकड वाढते. रस्त्याच्या खडीचे आघात अतिशय त्वरित असल्यामुळे असे रबर प्रत्यक्ष गोठण्याच्या पुष्कळ आधीच ताठर वागू लागते. हवा सुमारे ७ अंशांच्या खाली गेली की उन्हाळी टायरावर भरवसा ठेवू नये, हा व्यवहारातला नियम त्यातूनच आला. ७ हा आकडा म्हणजे अर्थातच एखादी लक्ष्मणरेषा नव्हे. गुण त्याच्या अलीकडे-पलीकडे हळूहळू बदलत जातो. तथापि येथे हिमाचा उल्लेखही आलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोरड्या, स्वच्छ, पण थंड रस्त्यावरही चुकीचे रबर घसरते.

हिवाळी टायराचे रबर थंडीतही लवचीक राहील असे असते. त्यात नैसर्गिक रबराचे प्रमाण बहुधा अधिक असते आणि सिलिका मिसळलेली असते. त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा पाडलेल्या असतात. मोटार पुढे सरताना या चिरा किंचित उघडतात. त्यांच्या कडा बर्फाला चावतात, आणि बर्फावर असलेला पाण्याचा पातळ थर त्या फटींत ओढला जातो. रुंद खाचांचे काम निराळे आहे. त्यांत हिम भरून दडपले जाते आणि मग हिमाची हिमावर पकड बसते. मुलांनी हिमाचा चेंडू केला म्हणजे त्याला आणखी हिम चिकटते, तोच हा प्रकार. टायराच्या खाचांत हिम साचलेले पाहून ते खरवडून काढणारा उत्साही प्रवासी वस्तुतः आपल्याच पकडीचा एक भाग काढून टाकत असतो.

असा टायर प्रथम थंड देशांत निघाला, हे साहजिकच होते. फिनलंडमधील नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी हिवाळी टायर तयार केला आणि दोनच वर्षांनी मोटारींसाठीही. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत असे टायर कायद्याने आवश्यक आहेत. भारतात तसा सर्वसाधारण कायदा नाही, आणि मैदानी शहरांच्या दुकानांत हे टायर सहसा मांडलेलेही नसतात. म्हणून घेणाऱ्याने खूण ओळखावयास शिकले पाहिजे. टायराच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चित्र असेल, तर त्या टायराने हिमावरील ठरावीक परीक्षा दिलेली आहे असे समजावे. नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे, म्हणजे चिखल व हिम, ही निर्मात्याची स्वतःची घोषणा असते; तिच्यामागे तशी परीक्षा असेलच असे नाही.

मराठीत हिम आणि बर्फ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. रस्त्यावर मात्र त्यांतील फरक जीवघेणा आहे. आकाशातून पडलेले, हवा धरून राहिलेले हिम आणि वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा बर्फ यांची पकड सारखी नसते. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर सुमारे ०.८ असतो, ओल्यावर ०.५, दबलेल्या हिमावर ०.२ आणि ओलसर बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबविण्यास पहिल्या प्रसंगी सुमारे १२ मीटर लागतात, हिमावर ४९ आणि बर्फावर ९८. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबीपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातले १४ मीटर यांत धरलेले नाहीत. रस्ता वीस मीटरांना एक मीटर असा उतरता असेल, तर बर्फावरील ९८ मीटरांचे जवळजवळ २०० मीटर होतात. वळणाचेही तसेच आहे. तीस मीटर त्रिज्येचे जे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ५५ किलोमीटर वेगापर्यंत सहन करते, तेच बर्फावर २० च्या वेगालाही मोटारीला बाहेर फेकते. डोंगरात ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

हा बर्फ सर्वत्र नसतो, हीच त्याची खरी भीती. सिमल्याहून कुफरीकडे जाताना उन्हातला रस्ता कोरडा ठणठणीत दिसतो, आणि पुढच्याच सावलीतल्या वळणावर रात्री वितळपाण्याचा गोठलेला थर डांबराचाच रंग घेऊन पडलेला असतो. हिम आणि हिमप्रपात यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था चंदीगडमध्येच आहे. १९६९ साली मनाली येथे सुरू झालेल्या हिम-अभ्यास केंद्रातून वाढत जाऊन २०२० मध्ये तिला आजचे नाव मिळाले. शास्त्रज्ञ डोंगरउतारावरील हिमाचे थर जितक्या बारकाईने मोजतात, त्याचा शतांश बारकावाही मोटार हाकणाऱ्याने आपल्या चार तळहातांविषयी दाखविला, तरी पुष्कळ अपघात टळतील.

आता चाकांचा विचार. हिवाळी टायर मूळच्याच मोठ्या चाकांवर चढविता येतात. तथापि वेगवान मोटारीसाठी लहान व अरुंद चाकांचा दुसरा संच घेणे बहुधा अधिक शहाणपणाचे असते. अरुंद टायर हिमात रुतून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायर वरच तरंगतो. शिवाय उंच भिंतीचा टायर खड्डे व दगड यांचे धक्के सोसतो आणि धातूचे चाक वाचवितो. अट एकच, की टायरासह चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे. नाहीतर वेगदर्शक चुकीचा वेग दाखवील.

उदाहरणार्थ, मूळ टायर २२५/४० आर १८ असा आहे. याचा अर्थ रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, आणि आतील चाक १८ इंचांचे. म्हणजे भिंत ९० मिलिमीटर आणि पूर्ण व्यास ६३७ मिलिमीटर. याऐवजी २०५/५५ आर १६ घेतल्यास व्यास ६३२ मिलिमीटर भरतो. फरक शेकडा एकाहूनही कमी. गणित जमले म्हणून चाक बसेलच असे मात्र नाही. वेगवान मोटारीच्या ब्रेकची तबकडी आणि पकड मोठी असते. १६ इंची चाक तिच्यावर घासू शकते, आणि मग १७ इंचांवर थांबावे लागते. बोल्टच्या छिद्रांमधील अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि चाक आत-बाहेर किती बसते, ही मापे मोटारीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावीत. भारांक मूळ टायराहून कमी नसावा, हा सुरक्षित नियम होय. भारांक ९१ म्हणजे ६१५ किलोग्रॅम, ९२ म्हणजे ६३० किलोग्रॅम. वेगांक थोडा कमी असला तर चालतो. हिमात ताशी २४० किलोमीटर वेगाने कोणी जात नाही.

टायर चारही बदलावेत. यंत्राची शक्ती ज्या दोन चाकांना मिळते तेवढीच बदलण्याची काटकसर महागात पडते. पुढे पकड आणि मागे घसरण अशी स्थिती झाली, की उतारावरच्या वळणात मोटारीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि ती स्वतःभोवती फिरते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीविषयी असाच एक गैरसमज आहे. अशी योजना मोटारीला निघण्यास मदत करते. थांबण्याच्या बाबतीत तिचा काहीही उपयोग नसतो.

मग चंदीगडच्या मोटारवाल्याने काय करावे? जो हिवाळाभर शहरात व मैदानातच हिंडतो, त्याने हिवाळी टायर घेऊ नयेत. दुपारच्या २० अंशांत त्यांचे मऊ ठोकळे वळवळतात, ब्रेकचे अंतर वाढते आणि रबर झपाट्याने झिजते. म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेण्यासारखे होते. वर्षातून एक-दोनदा वर जाणाऱ्यास हिमकणाची खूण असलेले सर्व ऋतूंचे टायर आणि डिकीत साखळ्या हा मध्यम मार्ग पुरेसा आहे. साखळ्या शक्तीच्या चाकांना लावावयाच्या, वेग फार तर ताशी ५० ठेवावयाचा आणि उघडे डांबर लागताच काढावयाच्या. बसक्या मोटारीत रुंद टायर आणि आतील सांगाडा यांमध्ये साखळीला जागाच उरत नाही, असे पुष्कळदा आढळते. लहान चाकांच्या संचाचा हा आणखी एक फायदा. हिमवर्षाव झाल्यावर मनालीच्या वर केवळ चार चाकांच्या शक्तीची किंवा साखळ्या लावलेली वाहने सोडण्याचा पोलिसांचा प्रघात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान शेकडो वाहने अडकून पडली, तेव्हा तो का पाडला गेला हे पुन्हा दिसून आले. व्यवसायामुळे हिवाळाभर आठवड्यातून अनेक वेळा वर जावे लागणाऱ्याने मात्र दुसरा संच ठेवावाच.

हवेच्या दाबाविषयी एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. चंदीगडला २० अंशांत ३३ पौंड दाब भरलेला टायर शून्याखाली ५ अंशांच्या पहाटे बोगद्याच्या उत्तर तोंडाशी नेला, तर थंडीमुळे दाब सुमारे ४ पौंडांनी उतरतो. पण तेथील विरळ हवेमुळे दाबमापक जवळजवळ तितकाच वर चढतो, आणि काटा होता तेथेच राहतो! उंचीचा हा आधार चंदीगडच्या थंड पहाटेला मिळत नाही. म्हणून दाब महिन्यातून एकदा, मोटार चालण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावा.

जुना टायर स्वस्त मिळाला तरी त्याचे वय पाहावे. भिंतीवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात; ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वयाबरोबर रबर कडक होते. खाच ४ मिलिमीटरांहून उथळ झाली की हिमावरील गुण बहुतेक संपतो, जरी कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी.

मार्चमध्ये संच उतरविल्यावर प्रत्येक टायर कोणत्या जागेचा होता हे खडूने लिहून ठेवावे. चाकांवर चढविलेले टायर एकावर एक आडवे रचावेत. नुसते टायर उभे ठेवून मधूनमधून फिरवावेत. चंदीगडचा जून ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत हे रबर ठेवू नये, आणि विजेच्या मोटारीजवळही नाही, कारण तिच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. अंधारी, कोरडी, तळमजल्याची खोली सर्वांत उत्तम.