‘स्वयंरचना’ या संज्ञेतील ‘स्वयं’

सेंद्रिय रेणू एखाद्या पृष्ठावर आपण होऊन क्रमाने बसतात व त्यांचा एकाच रेणूच्या जाडीचा, नक्षीदार थर बनतो. या घटनेस ‘स्वयंरचना’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाचा प्रांत भाषाविज्ञानाचा, रसायनशास्त्राचा नव्हे. परंतु संज्ञांची चिकित्सा हे त्याचे कामच असल्यामुळे या ‘स्वयं’ची व्याप्ती किती, हे पाहण्याचा मोह त्यास आवरत नाही.

द्रावणातील गंधकयुक्त सेंद्रिय रेणू सोन्यावर सुव्यवस्थित थर रचतात, असे नुझो व अलारा यांनी १९८३ मध्ये दाखविले. पुढे थायॉल वर्गातील दीर्घ शृंखलांचा विपुल अभ्यास झाला. गंधकाचे टोक सोन्यास धरून राहते व शृंखला एकमेकींस बिलगून उभ्या राहतात. सोन्यावर दोन शेजाऱ्यांतील अंतर सुमारे अर्धा नॅनोमीटर असते. शृंखला त्याहून किंचित बारीक. तेव्हा मधली पोकळी भरून काढण्यासाठी त्या सुमारे ३० अंशांनी कलतात. हा कल रेणूचाच गुण मानावा, तर चांदीवर तीच शृंखला जवळजवळ ताठ उभी राहते!

ट्रायमेसिक आम्लाचे उदाहरण याहून बोलके आहे. बेंझीनच्या वलयाला समान अंतरावर तीन कार्बॉक्सिल गट, अशी या रेणूची घडण. ग्राफाइटवर तो आडवा पडतो. समोरासमोर आलेले दोन गट हायड्रोजन-बंधांनी जोडले जातात आणि सहा-सहा रेणूंच्या षट्कोनांचे पोळे तयार होते. त्यातील प्रत्येक छिद्र सुमारे एक नॅनोमीटर रुंद. मात्र हे पोळे नोनॅनोइक आम्ल द्रावक म्हणून घेतले असता मिळते. आखूड शृंखलेचे मेदाम्ल घेतल्यास अधिक दाट, फुलांसारखी वेगळीच नक्षी उमटते. रेणू तोच, ग्राफाइटही तेच.

आम्हांस हे अपरिचित नाही. अनुस्वाराचे चिन्ह एकच. पण ‘अंक’, ‘अंत’, ‘अंबा’ यांत त्याचा उच्चार पुढील व्यंजन ठरविते.

हायड्रोजन-बंध दुर्बळ असतात, हा येथे दोष नव्हे. चुकीच्या जागी बसलेला रेणू त्यामुळेच सुटतो व पुन्हा बसतो. बंध फार बळकट असते तर चूक तेथेच गोठून गेली असती. कोणी बाहेरून एकेक रेणू उचलून ठेवीत नाही, एवढ्यापुरताच ‘स्वयं’ यथार्थ आहे. म्हणून ‘ट्रायमेसिक आम्लाची नक्षी’ असे नुसते लिहिणे अपुरे होय. कोणत्या पृष्ठावर व कोणत्या द्रावकातून, हेही त्याच वाक्यात आले पाहिजे.