स्क्रू अडला? आधी नजर, मग अवजार

होळी झाली की आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी कूलर बाहेर निघतात. वर्षभर अडगळीत पडलेला पत्र्याचा कूलर पुसायचा, जुनं गवत काढून नवं बसवायचं, पंप पाणी ओढतोय का ते बघायचं. नेमकं इथंच घोडं अडतं. जाळीचे तीन स्क्रू सुटतात, चौथा हटून बसतो. मग ठरलेली वाक्यं. "राहू दे, संध्याकाळी हे आले की काढतील." किंवा "मिस्त्रीला फोन केलाय, उद्या येतो म्हणाला." मिस्त्रीचा उद्या काही उगवत नाही, आणि बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो.

मैत्रिणींनो, अडलेला स्क्रू काढायला मनगटात जोर लागतो आणि म्हणून ते पुरुषांचं काम, असं आपण धरूनच चालतो. खरं तर जोर हाच अशा स्क्रूचा पहिला वैरी! चुकीचं अवजार घेऊन जोर लावला की खाच झिजते. खाच झिजली की आणखी जोर, आणि मग डोकंच तुटून हातात येतं. स्क्रू कशानं अडलाय हे ओळखता आलं, तर अवजार कोणतं घ्यायचं ते आपोआप कळतं. डाळ कशानं शिजत नाही, पाण्यानं की जुनेपणानं, हे ओळखणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

गंज की क्षार?

आपल्याकडे स्क्रू अडण्याची दोन मोठी कारणं म्हणजे गंज आणि क्षार. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी साठवायचं म्हटलं की टाक्या, मोटारी, व्हॉल्व आले आणि त्यांच्यासोबत नट-बोल्टही आले. त्यातून बोअरचं पाणी जड. नळावर, मोटारीवर, कूलरच्या टाकीत पांढरे थर चढतात.

लालसर-तपकिरी दिसतंय तो गंज. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आट्यांच्या फटीत फुगतो आणि स्क्रू जाम होतो. त्यावर उपाय तेलाचा, पण खोबरेल नव्हे. ते दाट असतं, फटीत शिरत नाही. पातळ, आत झिरपणारं तेल लागतं. हार्डवेअरच्या दुकानात 'गंज सोडवायचा स्प्रे' मागा. डब्ल्यूडी-४० हे नाव बहुतेकींनी ऐकलेलं असेल. ते १९५३ साली अमेरिकेत तयार झालं. त्यातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, थोडक्यात पाणी हटवणारं. साध्या गंजाला ते चालतं, जुन्या हट्टी गंजाला खास 'पेनिट्रेटिंग ऑइल' जास्त बरं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता ते सहज मिळत नाही. तेल मारलं की लगेच पाना लावू नका. रात्रभर राहू द्या. मधून मधून हातोडीनं डोक्यावर हलके टोले द्या, म्हणजे गंजाची पकड सैल होऊन तेल आत उतरतं.

पांढरं, खरखरीत दिसतंय तो क्षार. इथं तेल काही करत नाही. लिंबू सत्त्व पाण्यात विरघळवा किंवा व्हिनेगर घ्या, त्यात फडकं भिजवून नळाच्या मुठीभोवती तासभर गुंडाळून ठेवा आणि नंतर स्वच्छ धुवा. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही ओतू नका. क्षार जाईल, पण नळाची चकाकी जाईल आणि स्क्रू गंजेल तो वेगळाच.

तेल मुरल्यावरची एक युक्ती लक्षात ठेवा. सोडवायच्या आधी स्क्रू किंचित *आवळायचा*. जाम झालेला थर मोडतो आणि मग उलटा फिरवला की सुटतो. थोडा उलटा, थोडा सुलटा, असं खेळवत काढायचा.

आणि दिशा? घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की सुटतं, हा नियम. पण त्याला अपवाद आहेत. टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपी आणि सायकलचं डावं पायडल यांचे आटे उलटे असतात. मिक्सरच्या मोटारीवरच्या कपलरचेही बऱ्याचदा तसेच. तिथं नेहमीच्या दिशेनं जोर लावणं म्हणजे स्क्रू सोडवायच्या नावाखाली घट्ट करणं. आधी बाणाची खूण आहे का बघा.

खाच झिजली असेल तर

चार बाजूंची खाच असलेला 'स्टार' स्क्रू सगळ्यांच्या घरी असतो. त्याला नाव मिळालं अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांचं. १९३६मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि मोटारींच्या कारखान्यांत हा स्क्रू लगेच रुजला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जास्त जोर लावला की स्क्रू ड्रायव्हर वर सरकून निसटतो. प्रत्येक निसटण्यागणिक खाच थोडी खरवडली जाते. म्हणून या स्क्रूला फिरवण्यापेक्षा *दाबणं* महत्त्वाचं. अंगाचा भार स्क्रू ड्रायव्हरवर टाका आणि सावकाश फिरवा.

दुसरं म्हणजे माप. स्टारमध्ये एक, दोन, तीन असे नंबर असतात. घरातल्या बहुतेक कामांना दोन नंबर लागतो. आपण मात्र टेस्टरनंच सगळं उरकायला बघतो! टेस्टर वीज बघायला असतो, स्क्रू काढायला नाही. त्याचं बारीक तोंड खाचेत डुगडुगतं आणि खाच खाऊन टाकतं.

खाच थोडीच झिजली असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा रुंद रबर बँड खाचेवर ठेवा, वरून स्क्रू ड्रायव्हर दाबा आणि फिरवा. रबर फटी भरून काढतं. जास्त झिजली असेल आणि डोकं वर असेल, तर हॅक्सॉ ब्लेडनं डोक्यावर आडवी नवी खाच पाडा आणि चपट्या तोंडाच्या स्क्रू ड्रायव्हरनं काढा. तेही जमलं नाही तर 'वाइस ग्रिप' घ्या. ही पक्कड दाबली की कुलपासारखी अडकून बसते, आपल्याला सतत आवळून धरावं लागत नाही. ज्यांच्या हाताची पकड कमी आहे त्यांच्यासाठी तर हे वरदानच. माझं मत विचाराल तर घरात एकच महागडं अवजार घ्यायचं असेल तर हे घ्या.

गॅरेजमध्ये 'इम्पॅक्ट ड्रायव्हर' असतो. मागून हातोडीचा टोला दिला की तो एकाच वेळी दाबतो आणि फिरवतो. गाडीच्या इंजिनावरच्या स्क्रूंना तो उत्तम, पण नळाला, प्लास्टिकला किंवा टाइल्सवर अजिबात नको. टोल्यानं तडा जाईल.

नट-बोल्टचे कोपरे गेले तर

षटकोनी नटाचे कोपरे गोल होतात ते पक्कड किंवा ढिला पाना वापरल्यामुळे. नटाला दोनच बाजूंनी धरणाऱ्या उघड्या पान्यापेक्षा चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना बरा. कोपरे थोडे गेले असतील तर सहा कोनांचा गोटी पाना त्याहून बरा. मापं पाठ करायला सोपी आहेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १०चा पाना, ८ला १३चा, १०ला १७चा, १२ला १९चा. कोपरे पारच गेले असतील तर कानशीनं समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट करा आणि तिथं वाइस ग्रिप लावा.

पितळी नळावरचा नट अडला असेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्याभोवती गुंडाळा. बाहेरचा नट आधी तापतो, किंचित प्रसरण पावतो आणि सैल होतो. मात्र तेल मारलेल्या जागी मेणबत्ती, लायटर न्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

डोकंच तुटलं तर

तुटलेला भाग थोडा वर असेल तर वाइस ग्रिप पुन्हा कामाला येते. वर आटे दिसत असतील तर त्यावर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि मग खालच्या नटाला पाना लावून फिरवा. बोल्ट सोबत निघतो.

भाग आतच राहिला असेल तर 'एक्स्ट्रॅक्टर' लागतो. तुटलेल्या बोल्टच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचनं खूण करायची, ड्रिलनं छोटं भोक पाडायचं आणि त्यात हा उलट्या आट्यांचा, निमुळता तुकडा फिरवायचा. तो उलटा फिरत जातो तसा आत रुततो आणि बोल्टला घेऊन बाहेर येतो. ऐकायला सोपं आहे. पण एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिलही त्यात जात नाही. म्हणून मोटारीचा किंवा गाडीचा बोल्ट असेल तर इथं थांबा आणि वर्कशॉप गाठा. तिथं तुटक्या बोल्टवर नट वेल्डिंग करून तो काढतात. कुठं थांबायचं हे कळणं हाही कामाचाच भाग.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. गॅसचा रेग्युलेटर आणि शेगडीचा जेट आपण उघडायचा नाही. छताच्या पंख्याचा हुकाजवळचा बोल्ट एकटीनं सोडायचा नाही. आणि कूलरला स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग *उपसून* ठेवायचा. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं, ते दर उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतोच.

हे आपल्याच मातीतलं काम

यंत्राशी बाईचा संबंध काय, असं कुणी म्हटलं तर त्याला गावच्या हातपंपाची गोष्ट सांगा. देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हातपंप १९७०च्या दशकात घडला, आणि त्याच्या आधीच्या पिढीत आपल्या मराठवाड्यातला 'जालना पंप' आणि शेजारचा 'सोलापूर पंप' होता. मार्क टू मजबूत होता, पण आतला दट्ट्या बदलायचा तर जमिनीतले सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी गाडी घेऊन पथक यायचं, आणि ते येईपर्यंत बायका घागरी घेऊन लांब चालायच्या. पुढे 'मार्क थ्री' आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो आणि गावातल्या माणसाला थोडक्या पान्यांत काम जमतं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात तर १९९०च्या दशकात महिला समाख्येच्या कामातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. अक्षरओळख नसलेल्या बायकाही त्यात होत्या. पाना हातात आला आणि मिस्त्रीची वाट बघणं संपलं.

दुकानात गेल्यावर

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचा जुना मोंढा, हार्डवेअरच्या दुकानात बाई एकटी गेली की "साहेबांना पाठवा ना ताई" हे ऐकावं लागतंच. त्यावर उत्तर एकच. अडलेल्या स्क्रूचा जोडीदार, म्हणजे निघालेल्या तिघांपैकी एक, पर्समधून काढून काउंटरवर ठेवा आणि म्हणा, "याच्या खाचेत न हलता बसेल असा स्टार दाखवा." दुकानदार पुढचं बोलणं नीट करतो.

चाळीस नगांचा चकचकीत स्वस्त संच घेऊ नका. मऊ लोखंडाचं तोंड पहिल्याच हट्टी स्क्रूला मुडपतं. पात्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं आहे का बघा. आपल्या नाशिकच्या टापरियासारख्या कंपन्यांची साधी अवजारं सुटी मिळतात. दोन नंबरचा आणि एक नंबरचा स्टार, एक चपटा, १०-११ आणि १२-१३चे रिंग पाने, वाइस ग्रिप, छोटी हातोडी, हॅक्सॉ ब्लेड आणि तेलाचा स्प्रे, एवढं पुरे. भिशीचा नंबर लागला की एकदाच घेऊन टाका. एक्स्ट्रॅक्टर मात्र गरज पडेल तेव्हाच.

आणि स्क्रू निघाल्यावर शेवटचं काम विसरू नका. झिजलेला स्क्रू 'चालतोय की' म्हणून परत बसवायचा नाही. पाण्याजवळ असेल तर त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा नवा घ्यायचा, आट्यांना बोटभर ग्रीस किंवा व्हॅसलीन चोळायचं, आणि बसेल एवढाच आवळायचा. लाकडात भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या आत ठोकायच्या आणि वाळल्यावर स्क्रू लावायचा. हे करताना घरातल्या मुलीला, आणि मुलालाही, शेजारी बसवून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात तो स्क्रू तेच काढतील.