धुराडं नसलेलं घर

सकाळी 9. आईच्या पायांत दोन जोड मोजे, पिशवीत दशम्या. सेंट फेगन्सची बस पकडायची आहे. कार्डिफपासून पश्चिमेला चारेक मैल. वेल्समधली जुनी घरं सुटी करून, तुकड्या-तुकड्यानं आणून इथं परत उभी केली आहेत. संग्रहालय 1948 सालचं. तिकीट नाही.

10. वाटेत केनिक्स्टनचं लालभडक शेतघर. या रंगानं वाईट शक्ती घरापासून लांब राहतात, अशी समजूत होती. “म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून,” आई म्हणाली आणि पुढे निघाली.

साडेदहा. ज्याच्यासाठी आलो ते हे, हेंद्रेर-अविद इखाव. हेंद्रे म्हणजे हिवाळ्यात राहायचं खालचं घर. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावरच्या घरात जायचं, ते हावोद. हे घर मूळचं उत्तरेकडच्या डेनबीशायरमधलं, 1962 पासून इथं. लाकडातली वार्षिक वर्तुळं मोजून कळलं की, याची झाडं 1508 साली तोडली होती. त्याच साली आपल्या चौलच्या बंदरात पोर्तुगीज आणि इजिप्तचं आरमार लढत होतं.

आईला साल नको होतं. तिनं भिंतीवर हात ठेवला. “अगं, हा कूड आहे!” खरंच. कामट्या विणून वर माती लिंपलेली. छप्पर गवतानं शाकारलेलं. वाकडं झाड उभं चिरायचं, दोन्ही फाळके समोरासमोर टेकवायचे, की कमान तयार. सगळा भार तिच्यावर. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज. मधोमध जमिनीवर चूल आणि धुराडं नाही. धूर वर चढतो, गवतातून वाट काढतो. आत उभं राहिल्यावर माझे डोळे चुरचुरले, आईचे नाहीत. ती अशाच धुरात वाढली.

गुरं याच छपराखाली, एका टोकाला. “उताराकडेच बांधत असणार,” आई म्हणाली, “नाहीतर मूत चुलीपर्यंत येईल.” अशा घरांचा नियम तोच असायचा, हे मी पुस्तकातून शिकले होते.

दुपारी 1. बेकरीतला ताजा पाव आणि दशम्या. पावसाचे ढग आले. सेंट टायलोचं चर्च, त्याच्या भिंतींवरची चित्रं, रिड-इ-कारची कामगारवस्ती भरभर पाहिली.

3. “परत त्या घरात जाऊ.” दुसऱ्या खेपेला तिनं वासे मोजले. राजापूरजवळचं आमचं घर पाडलं, तेव्हा परत उभं करायचं म्हणून एकाही वाशावर कुणी खडूनं आकडा घातला नव्हता. लाकूड जळणाला गेलं. त्या दिवशी मीही हजर होते आणि काही बोलले नाही.

साडेचार. बसमध्ये आईनं नकाशाची मागची कोरी बाजू मागितली. ओटी, माजघर, पडवी, गोठा, न्हाणी. चुलीवरची फळी कुठे संपत होती, ते आठवेना. पेन उचलून ती बराच वेळ थांबली, मग मामाला फोन लाव म्हणाली.