तळोज्याच्या वाटेवरचे अल्केन कुळ

मुंब्रा-पनवेल रस्त्याने जाणाऱ्या रसायनांच्या टँकरांवर चार आकडी क्रमांक रंगवलेला असतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०८ म्हणजे हेक्झेन, १९७२ म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू. अपघात झालाच तर टँकरमध्ये काय आहे हे अग्निशामक दलाला लांबूनच कळावे, यासाठीची ही संयुक्त राष्ट्रांची क्रमांकपद्धत. या तिन्ही क्रमांकांमागचा माल मात्र मुख्यतः एकाच कुळातला आहे. त्यात कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नाही, आणि अणूंमधला प्रत्येक बंध एकेरी. हे अल्केन कुळ.

शाळेत या कुळाची ओळख नावांच्या तक्त्याने होते आणि तिथेच कंटाळा येतो. मला वाटते, सुरुवात उत्कलनांकापासून व्हावी. मिथेनमध्ये एक कार्बन आणि त्याभोवती चतुष्फलकाच्या टोकांवर चार हायड्रोजन, बंधांमधला कोन १०९.५ अंश. पुढच्या प्रत्येक भावंडात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात. म्हणून हायड्रोजनची संख्या नेहमी कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त. इतक्या साध्या वाढीने काय होते पाहा. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ला, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली, पेंटेन ३६ला, हेक्झेन ६९ला. याच रस्त्यावरच्या तळोज्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३६च्या वर गेला की उघड्या भांड्यातला पेंटेन उकळू लागेल. सोळा कार्बनचा हेक्झाडेकेन १८ अंशांना गोठतो. नाशिकच्या थंडीत तो घट्ट होईल, तळोज्यात बहुतेक दिवस पातळच राहील. वीस कार्बनच्या पुढे मेणबत्तीचे मेण सुरू होते.

याचे कारण रेणूंमधले क्षीण आकर्षण. साखळी लांब झाली की शेजारच्या रेणूला लागणारा तिचा पृष्ठभाग वाढतो आणि रेणू एकमेकांपासून सुटायला जास्त उष्णता लागते. पण लांबीइतकाच आकारही महत्त्वाचा. पाच कार्बन सरळ साखळीत जोडले तर रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे शेजारी शेजारी लागतात. एका कार्बनभोवती उरलेले चार लावले तर गोळा तयार होतो. हा निओपेंटेन. अणू तेच, तेवढेच, पण तो ९.५ अंशांनाच उकळतो. अशा भावंडांना समघटक म्हणतात. ब्यूटेनचे दोन, पेंटेनचे तीन, ऑक्टेनचे अठरा, डेकेनचे पंच्याहत्तर, आणि वीस कार्बनच्या अल्केनचे तीन लाख सहासष्ट हजार तीनशे एकोणीस!

एवढ्यांना ओळखायचे कसे? १८९२मध्ये जिनिव्हात भरलेल्या रसायनतज्ज्ञांच्या परिषदेने यासाठी पद्धत घालून दिली; तीच पुढे आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विकसित केली. आधी सर्वांत लांब साखळी शोधायची, मग शाखांना लहानात लहान क्रमांक मिळतील अशा टोकाकडून मोजायचे. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ठरवताना ज्याला शंभर गुण देतात, तो आयसोऑक्टेन घ्या. त्याची लांब साखळी पाच कार्बनची, म्हणून पेंटेन. एका टोकाकडून मिथाइल शाखा २, २, ४ वर येतात, दुसऱ्याकडून २, ४, ४ वर. पहिली मांडणी लहान, म्हणून नाव २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन. हे नाव ऐकून जगातला कोणताही विद्यार्थी तो रेणू कागदावर काढू शकतो. टँकरवरच्या क्रमांकाला हे जमत नाही.

तळोज्याच्या घराघरांतही या भावंडांमधला फरक जाणवतो. नळाने येणारा वायू मुख्यतः मिथेन, सिलिंडरमधला प्रोपेन आणि ब्यूटेन. मिथेनच्या तेवढ्याच आकारमानातून खूपच कमी उष्णता मिळते, म्हणून सिलिंडर काढून पाइपगॅस घेताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या छिद्राचे बसवतात. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. एलपीजी दीडपट ते दुप्पट जड, तो जमिनीलगत साचतो. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

या परिसराला अल्केनचा मोठा साठा सापडला तो १९७४मध्ये, मुंबई हायच्या समुद्रात. दोन वर्षांनी उत्पादन सुरू झाले. उरणच्या प्रकल्पात तिथल्या नैसर्गिक वायूतून इथेन-प्रोपेन आणि एलपीजी वेगळे काढतात. इथेन-प्रोपेन नागोठण्याला जाऊन तिथे इथिलीन आणि त्यापासून प्लॅस्टिक बनते.

अल्केन सहजासहजी कशाशी अभिक्रिया करत नाहीत. आम्ल, अल्कली त्यांना हलवू शकत नाहीत. पेटले तर मात्र भरपूर उष्णता देतात. मिथेन तर सर्वांत हट्टी. तरीही तळोज्याचा खत उद्योग त्याच्यावरच उभा आहे. दीपक फर्टिलायझर्स समूहाचा वर्षाला सुमारे पाच लाख टन क्षमतेचा अमोनिया प्रकल्प इथे २०२३मध्ये सुरू झाला. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. निकेलच्या उत्प्रेरकावर, आठशे अंशांच्या आसपास, मिथेन आणि वाफ एकत्र आणले की कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो. एका रेणूतून हायड्रोजनचे तीन रेणू आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक सुटतो. त्या मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडून आणखी एक हायड्रोजन मिळवतात. हायड्रोजन हवेतल्या नायट्रोजनशी जोडला जाऊन अमोनिया होतो, पुढे नायट्रिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट. मिथेनमधला कार्बन यांपैकी कशातच उरत नाही; तो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.