पटरचा कोन : आधी तपासणी, मग निवड

चेंडू जमिनीलगत नेण्याची कला ग्वाल्हेरकरांस नवी नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने १० गोल करणाऱ्या कॅप्टन रूपसिंहांच्या नावाचे स्टेडियम आपल्याच शहरात आहे. मात्र हॉकीच्या सवयीने गोल्फकडे वळलेल्यांना पटरचा तोंडवळा सरळ उभा असतो असे वाटते. वस्तुतः तो किंचित मागे कललेला असतो. हा कल, म्हणजेच लॉफ्ट, बहुधा ३ ते ४ अंशांचा असतो. नियमानुसार तो १० अंशांपलीकडे जाऊ शकत नाही.

हा कल असण्याचे कारण गवतात आहे. सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा चेंडू ग्रीनवर अल्पशा खळग्यात बसतो. त्याला थोडे उचलले नाही तर तो खळग्याच्या काठावर आपटून उसळतो. फार उचलले तर हवेत जाऊन उलटा फिरतो. दोन्ही प्रकारांत अंतराचा अंदाज चुकतो. योग्य लॉफ्टने चेंडू आधी थोडा घसरतो आणि मग लवकरच शांतपणे लोळू लागतो.

उष्ण प्रदेशातील ग्रीनवर बर्म्युडा गवताच्या जाती लावतात. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा याच सायनोडॉन वंशातली! पावसाळ्यात ती कशी फोफावते, हे ज्याच्या अंगणात हरळी आहे त्याला सांगायला नको. थंड देशांत जेमतेम तीन मिलिमीटरपर्यंत कापलेल्या वेगवान ग्रीनसाठी दिलेला कमी लॉफ्टचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू करणे मला पटत नाही. गवत दाट आणि ग्रीन संथ असेल, तर एखादा अंश अधिकच बरा.

परंतु पटरवर सांगितलेला अंश आणि चेंडूला प्रत्यक्ष भेटणारा अंश एकच नसतो. फटक्याच्या क्षणी हात चेंडूच्या पुढे गेले, की दांडा जितका पुढे झुकेल तितका लॉफ्ट घटतो. चार अंशांच्या पटरचा दांडा तीन अंश झुकला, तर हाती उरतो एकच अंश. उलट हात मागे राहिले तर लॉफ्ट वाढतो. म्हणून हात पुढे दाबून खेळणाऱ्याने ५-६ अंशांचा विचार करावा. दांडा डाव्या हाताला टेकवून खेळण्याच्या ‘आर्म-लॉक’ पटरना याचसाठी बहुधा ६-७ अंश देतात. चेंडू डाव्या पायाजवळ ठेवून वरच्या दिशेने मारणाऱ्याला दोन-अडीच अंश पुरेत.

हे आपल्यापैकी कोणासही घरी तपासता येते. मोबाइल चेंडूच्या उंचीवर, समोरून ठेवून मंदगती चित्रण करावे आणि आदळण्याच्या क्षणी दांड्याचा कल पाहावा. एक-दोन नव्हे, दहा फटके पाहावेत. कंबरदुखीमुळे उभे राहण्याची ढब बदलली असेल, तर जुने माप धरून चालू नये. तपासणी पुन्हा करावी.

अंशा-दोन अंशांसाठी नवा, महागडा पटर घेण्याची गरज नसते. जाणकार कारागीर यंत्रावर दांड्याचा कोन वळवून देतो. घरच्या पान्यात मात्र तो धरू नये. ओतीव धातू वाकण्याऐवजी तुटतो.