नगरपालिकेचा वाद्यवृंद

सातवीच्या वर्गात ‘ऑर्केस्ट्रा म्हणजे काय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. गणपतीत मंडपापुढे रात्री हिंदी-मराठी गाणी होतात, तो ऑर्केस्ट्रा! उत्तर चूक नाही, आपल्याकडे या शब्दाला तोच अर्थ चिकटला आहे. पण पाठात ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा’ असा शब्द आला की मुलं गोंधळतात. आणि ‘त्याचा कंडक्टर’ म्हटलं की वर्गात एसटीची घंटी वाजते! म्हणून आज थोडं सविस्तर.

सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे साधारण ६० ते १०० वादकांचा वाद्यवृंद. यात गायक सहसा नसतोच. पुढे व्हायोलिन, व्हियोला, चेलो, डबल बेस ही तारवाद्यं. त्यांच्या मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्याच्याही मागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं आणि शेवटी टिंपनीसारखी तालवाद्यं. आपल्या मैफलीत कलाकार राग तिथल्या तिथे फुलवतो. इथे प्रत्येकासमोर आपापल्या वाद्याचा कागद असतो आणि संगीतकाराने लिहिलेला प्रत्येक सूर ठरलेल्या क्षणी वाजवायचा असतो. कुणी केव्हा सुरू करायचं, किती हळू, किती जोरात, हे संचालक, म्हणजे कंडक्टर, हातातल्या छोट्या काठीने दाखवतो. कार्यक्रमाआधी ओबोवाला एक सूर धरतो आणि बाकी सगळे त्याला आपलं वाद्य जुळवून घेतात. आपल्याकडे तंबोरा लावण्याला जे महत्त्व, तेच त्या अर्ध्या मिनिटाला.

आता खरा प्रश्न. एवढ्या सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला पगार कोण देणार? लंडन, व्हिएन्नासारख्या शहरांत श्रीमंत रसिक असतात. लहान शहराने काय करायचं? याचं उत्तर शोधायला मला बोर्नमथचं उदाहरण फार आवडतं.

बोर्नमथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि समुद्राची हवा खायला माणसं येऊ लागली. पाहुणे आले की त्यांची करमणूक हवी. म्हणून १८९३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने डॅन गॉडफ्री नावाच्या पंचविशीतल्या तरुणाला ३० वादकांचा बँड उभारायला सांगितलं. गॉडफ्री लष्करी बँडमास्तरांच्या घराण्यातला. त्याने वादक निवडतानाच धोरण ठेवलं: फुंकवाद्य वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाद्यवृंदातलं वाद्यही आलं पाहिजे. म्हणजे दुपारी बागेत बँड आणि सभागृहात त्याच माणसांचा वाद्यवृंद. एका पगारात दोन कामं! (आपण शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.) विंटर गार्डन्स नावाच्या काचेच्या मंडपात हे कार्यक्रम होत. ब्रिटनमधला नगरपालिकेने चालवलेला हा पहिला कायमस्वरूपी वाद्यवृंद मानतात. जरा कल्पना करा, ज्या कचेरीतून गावाच्या बाकी कामांचे पगार निघतात, तिथूनच व्हायोलिनवाल्याचाही पगार निघतो आहे.

गॉडफ्री १९३४ पर्यंत तिथे राहिला. एवढ्या काळात त्याने नव्या संगीतकारांना सतत संधी दिली. एल्गार, होल्स्ट अशी मंडळी स्वतःच्या रचना सादर करायला या गावात येत. स्त्री संगीतकारांना फारसं कुणी विचारत नव्हतं, त्या काळात एथेल स्मिथसारख्या बाईलाही इथे व्यासपीठ मिळालं. समुद्रावर फिरायला आलेला माणूस सहज तिकीट काढून आत शिरायचा आणि कोरी करकरीत रचना ऐकून बाहेर पडायचा.

मग युद्ध आलं आणि वाद्यवृंद अगदी आटला. १९४७ मध्ये तो पुन्हा उभा करायला आला रुडॉल्फ श्वार्झ. ऑस्ट्रियात जन्मलेला हा ज्यू संचालक ऑशविट्झ आणि बेर्गन-बेल्सन या छळछावण्यांतून जिवंत परतला होता. छावणीतून सुटून दोनच वर्षं झालेल्या माणसाच्या हाती एका गावाने आपलं संगीत सोपवलं. वर्गात मी इथे नेहमी थांबते. मुलं गप्प होतात. इतिहासाचा पाठ आणि संगीताचा पाठ इथे एक होतो.

पण पैशाचं गणित काही सुटेना. एका गावाच्या तिजोरीला एवढा खर्च झेपत नव्हता. १९५४ मध्ये कारभार एका स्वतंत्र संस्थेकडे गेला, सरकारी कला परिषदेची मदत घेतली गेली आणि नाव झालं ‘बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्रा’. गावाचा वाद्यवृंद आता साऱ्या नैर्ऋत्य इंग्लंडचा झाला. एक्सेटर, ब्रिस्टल, पोर्ट्समथ अशा गावोगावी जाऊन तो वाजवतो. गंमत म्हणजे नाव बोर्नमथचं असलं तरी त्याचा मुक्काम गेली अनेक वर्षं शेजारच्या पूल या गावात आहे!

प्रादेशिक वाद्यवृंदाचं वेगळेपण इथेच कळतं. त्याचे वादक त्याच भागात राहतात. दुपारी शाळेत जाऊन मुलांच्या हातात वाद्य देणारी बाई संध्याकाळी मंचावर दिसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी हे वादक चहा-केकसोबत छोट्या मैफली करतात. २०१८ मध्ये याच संस्थेने ‘बीएसओ रिझाउंड’ हा दिव्यांग वादकांचा गट सुरू केला. त्याचे संचालक जेम्स रोज यांना सेरेब्रल पाल्सी आहे. ते हातात काठी धरत नाहीत, ती डोक्याला लावून मानेच्या हालचालींनी वादकांना खुणा करतात. त्याच वर्षी हा गट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवून आला.

तरी सगळं छान चाललं आहे असं समजू नका. याच संस्थेचा ‘सिन्फोनिएटा’ हा लहान वाद्यवृंद छोट्या गावांत जायचा. तो १९६८ मध्ये सुरू झाला आणि १९९९ मध्ये पैशाअभावी बंद पडला. मोठ्या सभागृहाचे कार्यक्रम टिकले, छोट्या गावांची फेरी गेली. कात्री आधी कुठे लागते ते बघा. बर्मिंगहॅममध्ये तर १९२० पासून शहराचा वाद्यवृंद नगर परिषदेच्या मदतीवर उभा होता. २०२३ मध्ये परिषदच दिवाळखोरीला आली आणि पुढच्या वर्षी तिने अनुदान आधी निम्मं करून नंतर पूर्ण थांबवायचं ठरवलं. वृद्धांची सेवा आणि मुलांचं संरक्षण यांनाच पैसे पुरत नसताना संगीताला द्यायचे का? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि जे सोपं उत्तर देतात त्यांच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

हा प्रश्न मी वर्गात ‘नगरपालिकेची सभा’ भरवून घेते. तुम्हीही घेऊन बघा, एक तास पुरतो. काही मुलं नगरसेवक, काही वादक, काही कर भरणारे नागरिक. सभेआधी ओबोचा सूर आणि जुळवाजुळव ऐकवायची, नाहीतर मुलं न ऐकलेल्या गोष्टीवर मत देतात. मागच्या वेळी रस्त्यांच्या बाजूने बहुमत झालं. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, आजूबाजूच्या पाच गावांनी वर्गणी काढली तर?” १९५४ ची गोष्ट मी त्यांना तोवर सांगितली नव्हती.